'आराप' म्हणजे अरब नव्हे

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

जुन्या तुर्की मेलोड्रामांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. आपल्याकडे तुर्कस्तान म्हटलं की हिंदीत डब केलेल्या मालिकांपलीकडे सहसा कोणी जात नाही, त्यामुळे १९६०-७० च्या दशकांतल्या 'येशिलचाम', म्हणजे इस्तंबूलच्या लोकप्रिय चित्रपटधंद्यातल्या, चित्रपटांवर मराठीत काही छापून आलं याचं अप्रूप वाटलं. लेखाचा सूर मात्र पटला नाही. तुर्क, ग्रीक, आर्मेनियन, कुर्द, रोमा (जिप्सी), काळे असे सगळे या चित्रपटांत गुण्यागोविंदाने नांदतात, असा समज तो वाचून होतो. हे सगळे लोक तिथे होते यात वाद नाही. पण कोणत्या नावाने होते आणि कोणाच्या आवाजात बोलत होते, हे पाहिलं की चित्र बदलतं.

सुरुवात एका शब्दापासून करतो. लेखात श्रीमंताच्या हवेलीतल्या काळ्या दाईला 'अरब मोलकरीण' म्हटलं आहे. ही चूक लेखकाची नाही, सबटायटलची असणार. मूळ संवादात 'आराप बाजी' असतं. इंग्रजी सबटायटल करणारा त्याचं 'अरब' करून मोकळा होतो आणि तेच पुढे मराठीत उतरतं. तुर्की बोलीभाषेत 'आराप' हा शब्द अरबांना लागतोच, पण काळ्या कातडीच्या कोणालाही तो सर्रास लावला जायचा. 'बाजी' म्हणजे बहीण, उर्दूतली 'बाजी' तीच. ही बाई अरबस्तानातून आलेली नाही. उस्मानी (ऑटोमन) अमलात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांची ती वंशज. या लोकांची वस्ती आजही पश्चिमेकडच्या इझमीर, आयदिन, मुला या प्रांतांत आहे आणि हल्ली त्यांना आफ्रो-तुर्क म्हणतात. त्यांची स्वतःची संघटना २००६ मध्ये उभी राहिली, म्हणजे हे चित्रपट येऊन गेल्यावर तीस-चाळीस वर्षांनी. मराठीत 'हबशी' हा जुना शब्द आहे आणि जंजिऱ्याचे शिद्दी शाळेच्या पुस्तकातच भेटतात. त्यामुळे इथल्या वाचकाला ही बाई कोण हे एका ओळीत सांगता येतं. 'अरब' लिहिलं की तिचा अख्खा इतिहास पुसला जातो.

या भूमिका अनेकदा दुरसुने शिरीन या आफ्रो-तुर्क अभिनेत्रीच्या वाट्याला आल्या. तिचं पात्र एकदा नीट न्याहाळावं. नायिकेला तिने अंगाखांद्यावर वाढवलेलं असतं, घराण्याचं गुपित तिच्या पोटात असतं आणि गोष्ट अडली की ते तिच्या तोंडून बाहेर पडतं. तिला सहसा नवरा नसतो, पोर नसतं, आणि त्या एवढ्या मोठ्या घरात ती झोपते कुठे हे कॅमेरा दाखवत नाही. प्रेक्षक तिच्यावर जीव टाकतात, तिच्यामुळे रडतात. पण तिच्यासाठी रडावं असा प्रसंग पटकथेत नसतो.

हा साचा सिनेमाने घडवलेला नाही. 'कारागोझ' या तुर्की छायानाट्यातून (आपल्याकडच्या पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना पडद्यामागचा दिवा चटकन कळेल) तो आला. कारागोझच्या गल्लीत एकेक 'नमुना' येऊन आपल्या बोलीत गोंधळ घालून जातो: आर्मेनियन, ग्रीक, ज्यू, अल्बानियन, काळ्या समुद्राकाठचा लाझ, इराणी, आराप आणि कुर्द. या प्रकाराला तुर्कीत 'ताक्लित' म्हणजे नक्कल असंच नाव आहे. विनोद हेलावर चालायचा, माणसाच्या आयुष्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. सिनेमाने हे नमुने उचलले, पण सगळे नाही. कारागोझमध्ये उघडपणे कुर्द म्हणून मिरवणारं पात्र मेलोड्रामात आलं तेव्हा त्याचं नाव गेलं. ते झालं 'दोउलू', म्हणजे पूर्वेकडचं.

असं का झालं, याचं उत्तर पूर्वग्रह एवढंच देऊन भागत नाही. धंद्याची रचनाच तशी होती. येशिलचाम हे इस्तंबूलच्या बेयोलू भागातल्या एका छोट्या रस्त्याचं नाव. चित्रपट कंपन्यांच्या कचेऱ्या तिथे होत्या म्हणून सगळ्या धंद्यालाच ते नाव पडलं. भराच्या काळात, १९७२ मध्ये, तिथून वर्षाला सुमारे ३०० चित्रपट निघाले. निर्मात्याकडे भांडवल जवळजवळ नसायचं. देशाचे सहा वितरण विभाग होते: इस्तंबूल, इझमीर, अंकारा, अदाना, सामसुन आणि झोंगुलदाक. त्या विभागांचे वितरक हंगामाआधी आगाऊ रक्कम द्यायचे, तीही बहुतेक रोख नसायची, पुढच्या तारखेची 'बोनो' म्हणजे हुंडी असायची. निर्माता ती सावकाराकडे कसर कापून वटवायचा आणि त्यातून कच्ची फिल्म घ्यायचा. साहजिकच कोणती तारका हवी, गाणी किती हवीत, शेवट गोड की रडका, हे वितरक सांगायचा. गेल्या वर्षी जे चाललं तेच पुन्हा, हा त्यातला साधा हिशेब. नायिका ग्रीक आहे, घर आर्मेनियन आहे, अशी जोखीम हुंडीवर घेतलेल्या पैशात कोण घेणार?

यातली गोम अदाना विभागात दिसते. दक्षिण आणि आग्नेय तुर्कस्तानचा मोठा पट्टा या विभागात येई, म्हणजे दियारबाकिरसारखी कुर्दबहुल शहरंसुद्धा. तिथला प्रेक्षक तिकीट काढत होता आणि त्याच्या पैशावर इस्तंबूलमध्ये चित्रपट उभे राहत होते. पण त्याची भाषा पडद्यावर यायची नाही. वितरकाला हाणामारी हवी, गावचा जमीनदार 'आगा' हवा, घोडे हवेत. कुर्द प्रेक्षक त्या आगात आपल्याकडचा आगा ओळखायचा, फक्त चित्रपट ते नाव घेत नसे.

दुसरं कारण तांत्रिक आहे आणि लेखात ते पूर्ण सुटलं आहे. हे चित्रपट मुके चित्रित व्हायचे. सेटवर ध्वनिमुद्रण नसायचं. कॅमेऱ्याशेजारी 'सुफ्लोर' बसून मोठ्याने संवाद वाचायचा, नट तो ऐकून ओठ हलवायचे आणि आवाज नंतर स्टुडिओत भरला जायचा. तोही बहुतेकदा त्या नटाचा नसे. जेयान माहफी तोझ्युम यांचा आवाज त्युर्कान शोराय, ह्युल्या कोचयीत अशा एकाहून अधिक तारकांच्या तोंडी आहे. डोळे मिटून ऐकलं तर नायिका कोण हे ओळखता येत नाही! हे आवाज रंगभूमीवर तयार झालेले, घोटीव इस्तंबुली तुर्कीचे. त्यामुळे नायक-नायिका कुठल्याही गावातून येवोत, डबिंगच्या खोलीत त्यांचे हेल धुऊन निघायचे. हेल उरायचा तो माळ्याला, चौकीदाराला, ग्रीक घरमालकिणीला, कारण तिथे तो हशा मिळवून देई. हेलाची वाटणी अशी पगारपत्रकासारखी वरून खाली होत गेली.

तिसरं कारण सेन्सॉर. १९३९ च्या नियमावलीनुसार आधी पटकथा आणि मग तयार चित्रपट, असे दोनदा तपासले जायचे. तपासणाऱ्या मंडळात पोलीस आणि लष्कराची माणसं होती. ही नियमावली चार दशकं जवळजवळ तशीच राहिली. ती किती बारीक बघायची याचं एकच उदाहरण देतो. मेतिन एर्कसान यांनी १९५२ मध्ये आशिक वेसेल या अंध लोककवीवर चित्रपट केला. वेसेल सिवास प्रांतातला, अलेवी या सुन्नी बहुसंख्याकांपेक्षा वेगळ्या पंथाचा. सेन्सॉरने हरकत घेतली ती शेतातल्या पिकावर: गहू खुरटा दिसतो, देशाची बदनामी होते. मग त्या चित्रपटात ट्रॅक्टर आणि यंत्राच्या कापणीची दृश्यं घुसवली गेली. जिथे गव्हाची उंची खपत नव्हती तिथे 'अलेवी' हा शब्द संवादात घालायला कोण धजावेल? निर्माते पटकथा लिहितानाच कात्री चालवू लागले आणि मंडळाचं काम हलकं झालं.

आता नावांकडे येऊ. येशिलचाममध्ये आर्मेनियन आणि ग्रीक किती होते हे पाहायचं असेल तर कथेकडे पाहू नये, माणसांकडे पाहावं. छायालेखक क्रिटोन इलियादिस आणि युवाकिम फिल्मेरिदिस हे ग्रीक. ठरलेला खलनायक केनान पार्स हा मूळचा किरकोर जेझवेजियान. विनोदी दुय्यम भूमिकांतला सामी हाझिनसेस हा दियारबाकिरचा आर्मेनियन. 'हाझिनसेस' म्हणजे खिन्न आवाजाचा, हे त्याने घेतलेलं नाव, आणि तो आर्मेनियन आहे हे बहुतेक प्रेक्षकांना कित्येक वर्षं माहीत नव्हतं. वाही ओझही आर्मेनियन. सगळ्या तुर्कस्तानची लाडकी आई ठरलेल्या आदिले नाशित हिची आई आर्मेनियन वंशाची रंगकर्मी. म्हणजे पडद्यावरच्या त्या आदर्श मुस्लिम मध्यमवर्गीय मोहल्ल्यातली काका, दुकानदार, शेजारी, आई अशी कित्येक माणसं ज्या समाजांतून आली होती, त्या समाजांना त्या मोहल्ल्यात घर नव्हतं.

नुबार तेर्झियान हा यातला अपवाद. त्याने आर्मेनियन नाव श्रेयनामावलीत ठेवलं. टक्कल, जाड मिशा, प्रेमळ डोळे; कधी डॉक्टर, कधी दुकानदार, कायम भला माणूस. १९७९ च्या जून महिन्यात नायक आयहान इशिक वारला तेव्हा तेर्झियानने वर्तमानपत्रात श्रद्धांजलीची जाहिरात दिली. तीत त्याला 'माझ्या मुला' असं संबोधलं आणि खाली 'तुझा काका' अशी सही केली. पडद्यावर त्यांचं नातं तसंच होतं आणि तुर्कीत वडीलधारा माणूस असं सहज म्हणतो. पण इशिकच्या कुटुंबाने लगोलग दुसरी जाहिरात देऊन खुलासा केला की मृताचा नुबार तेर्झियानशी कसलाही नातेसंबंध नाही. इशिकचं खरं आडनाव होतं इशियान. 'यान'ने संपणारं आडनाव आणि वर आर्मेनियन काका, म्हणजे लोक काय समजतील, ही धास्ती त्या चार ओळींत उघडी पडते. पडद्यावर शेकडो वेळा काका झालेला माणूस एका चौकोनी जाहिरातीत परका ठरला. मेलोड्रामातल्या एकोप्याबद्दल लिहिणाऱ्याने ही जाहिरात विसरून चालत नाही.

ग्रीकांबद्दल थोडक्यात. तुर्कस्तानातल्या ग्रीकांना 'रूम' म्हणतात आणि ग्रीसमधल्यांना 'युनान'. आपल्या बखरींतल्या 'रूमशाम'मधला रूम तोच, रोमन साम्राज्याचा. सबटायटल दोघांनाही 'ग्रीक' करतं आणि घोटाळा होतो, कारण मेलोड्रामात या दोघांची कामं वेगळी आहेत. 'युनान' येतो तो शत्रू म्हणून, स्वातंत्र्ययुद्धाच्या कथांत. 'रूम' येते ती 'मादाम' म्हणून: खोल्या भाड्याने देणारी, शिवणकाम करणारी, नाहीतर बारमधली. १९५५ च्या ६ आणि ७ सप्टेंबरला ग्रीकांची दुकानं आणि घरं लुटली गेली ती याच बेयोलूमध्ये, चित्रपट कंपन्यांच्या कचेऱ्यांपासून हाकेच्या अंतरावर. १९६४ मध्ये ग्रीक नागरिकत्व असलेल्यांना देशाबाहेर काढलं, त्यांच्यामागे इस्तंबूलचीच मुलंबाळं गेली. मेलोड्रामातली मादाम मात्र त्यानंतरही भाडं मागायला दारात उभी. तिच्या शेजारची घरं रिकामी का झाली, हे ती कधी बोलत नाही.

रोमा लोकांचं चित्रण नाच, वाजंत्री आणि चोऱ्यामाऱ्या यांच्यापलीकडे फारसं गेलं नाही. त्यांच्या बोलीत पाण्याला 'पानी' आणि दोनला 'दुई' म्हणतात हे मराठी वाचकाला सांगण्यासारखं आहे, पण चित्रपटात ती बोली ऐकू येत नाही. इस्तंबूलची सुलुकुले ही त्यांची जुनी वस्ती चित्रपटांत रंगीत दिसते. ती २००८-०९ च्या सुमारास पाडली गेली.

गायक झेकी म्युरेनचं उदाहरण आणखी निराळं. मंचावर झगमगते पोशाख, गडद मेकअप, उंच बूट, आणि सगळा देश त्याच्या गाण्यावर फिदा. पण १९५३ पासूनच्या त्याच्या बहुतेक चित्रपटांत तो सुटाबुटातला, एका बाईवर झुरणारा सरळ नायक आहे. त्याचं वेगळेपण सगळ्यांना दिसत होतं आणि कोणी नाव घेत नव्हतं. येशिलचामची एकूण रीतच ती.

मग या चित्रपटांत फरक, भेद काहीच नव्हता का? भरपूर होता, पण तो सगळा पैशाचा. गिरणीमालकाचा मुलगा आणि गरीब मुलगी, नाहीतर उलट. 'केझबान' मालिकेत (पहिला चित्रपट १९६८) ह्युल्या कोचयीत खेडवळ मुलगी आहे. तिची सुधारणा म्हणजे केस, कपडे, चालणं आणि बोलणं शहरी करणं. जात, धर्म, भाषा यांबद्दल बोलता येत नव्हतं, ते सगळं या गरीब-श्रीमंत जोडीवर लादलं गेलं. ही बाब दोष म्हणूनच मोजावी असं नाही. ल्युत्फी आकाद यांनी त्याच चौकटीत १९७३ मध्ये 'गेलिन' केला. योझगातहून इस्तंबूलला आलेलं कुटुंब, त्यांचं किराणा दुकान, सुनेच्या आजारी मुलाच्या हृदयाची शस्त्रक्रिया, आणि तो पैसा नव्या दुकानात गुंतवणारा सासरा. मूल जातं ते बकरीदेच्या दिवशी. स्थलांतरितांचं इतकं तपशीलवार घर त्या काळच्या चित्रपटांत क्वचितच सापडेल: दुकानाचा हिशेब, जेवायला बसण्याचा क्रम, सुनेने कधी बोलायचं याचा अलिखित नियम. प्रतिनिधित्व म्हणतात ते इथे चेहऱ्यांच्या मोजणीत नाही, या तपशिलात आहे.

हे चित्रपट एखाद्या रसिक मंडळात दाखवणार असाल तर काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. तुर्की निर्मितिसंस्थांनी यूट्यूबवर टाकलेल्या प्रती चालतील, पण सुरुवातीची श्रेयनामावली शाबूत आहे का ते आधी पाहावं. दूरचित्रवाणीसाठी कापलेल्या प्रतीत अनेकदा तीच जाते, आणि आर्मेनियन-ग्रीक नावं सापडण्याची जागा तीच असते. चित्रपट थांबवून नावं वहीत उतरवावीत. मग दुय्यम पात्रांपैकी दोघं-तिघं निवडून प्रत्येकाविषयी चार गोष्टी टिपाव्यात: त्याला नाव आहे की नुसता हुद्दा, त्याचं घर दिसतं का, तो एकटा असताना कॅमेरा त्याच्याजवळ थांबतो का, आणि शेवटच्या दृश्यात तो कुठे उभा आहे. दुसऱ्यांदा पाहताना वीसेक मिनिटं पडदा झाकून फक्त ऐकावं. हेल कोणाला आहे ते लगेच कळतं.

सबटायटल इंग्रजीवरून करू नयेत. 'आबला' (ताई), 'आबी' (दादा), 'एनिश्ते' (बहिणीचा नवरा) ही नाती इंग्रजीत गळून पडतात. मराठीत त्यांना एकास एक शब्द आहेत, ते वापरले नाहीत तर हात दाखवून अवलक्षण. परक्या पुरुषाला नायिका 'आबी' म्हणते तेव्हा ती त्याला हद्द आखून देत असते. 'मादाम'चं 'बाईसाहेब' करू नये. तो शब्द मुस्लिम नसलेल्या बाईसाठी आहे आणि तसाच ठेवला तर प्रेक्षकाला ती कोण हे कळतं. 'आराप'बद्दल वर लिहिलंच आहे.

आणि मेलोड्रामांच्या शेवटी एक चित्रपट त्या चौकटीबाहेरचा ठेवावा: 'स्युर्यु', १९७८. नट-दिग्दर्शक यिल्माझ ग्युनेय तुरुंगात होता, पटकथा त्याची, दिग्दर्शन झेकी ओक्तेन यांचं. पूर्वेकडचं एक धनगर कुटुंब मेंढ्यांचा कळप रेल्वेने अंकाराला विकायला नेतं. लोक कुर्द आहेत हे नावांवरून, कपड्यांवरून, नात्यांवरून कळतं. संवाद मात्र तुर्कीत, कारण दुसरा पर्याय नव्हता. घरातली सून बेरिवान आजारी आहे आणि ती बोलत नाही. सासरा ओरडतो, नवरा विनवतो, डॉक्टर विचारतो. सबटायटल करणाऱ्याला तिच्या तोंडी घालायला शब्द मिळत नाहीत.

आपले,
तुर्की चित्रपटांचे दोन वाचक-प्रेक्षक, पुणे